स्थानिक वृत्तपत्रांचा प्रभाव ओळखायचा तरी कशावरून?

प्रश्न विचारणारे: करवीरवाचक (कोल्हापूर)

नमस्कार. आमच्या पेठेतील वाचनकट्ट्यावर येत्या ६ जानेवारीला, पत्रकार दिनाच्या निमित्ताने, वृत्तपत्रे आणि समाज या विषयावर चर्चा ठेवली आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली याच तारखेला ‘दर्पण’ सुरू केले, एवढ्यावर दरवर्षी भाषणे होतात आणि हारतुरे होऊन कार्यक्रम संपतो. या वेळी तसे होऊ नये म्हणून आधी एक बैठक घेतली, तर त्या बैठकीतच दोन तट पडले.

एका बाजूचे म्हणणे असे की, वृत्तपत्रांचा समाजावरील प्रभाव आता संपल्यात जमा आहे. लोकांना बातमी आदल्या रात्रीच मोबाइलवर कळलेली असते. सकाळी अंक उघडला जातो तो निधनवार्ता पाहण्यासाठी आणि कोणत्या भागात पाणी येणार नाही हे वाचण्यासाठी. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, टोलविरोधी आंदोलन, पंचगंगेचे प्रदूषण, उच्च न्यायालयाच्या खंडपीठाची मागणी हे विषय कोल्हापूरच्या वृत्तपत्रांनी वर्षानुवर्षे लावून धरले नसते, तर टोलनाके हटले नसते आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सहा जिल्ह्यांसाठीचे सर्किट बेंचही येथे सुरू झाले नसते.

मला दोन्ही म्हणणी अपुरी वाटतात. टोल गेला तो लोक रस्त्यावर उतरले म्हणून. वृत्तपत्रांनी साथ दिली हे खरे, पण सारे शहर एका बाजूला उभे असताना त्या बाजूने लिहिण्यात धाडस ते कोणते? विरुद्ध बाजू घेणाऱ्याचा अंक त्या दिवसांत खपला असता का, हाही प्रश्नच आहे. मग वृत्तपत्र समाजाला वळण लावते, की समाज वळल्यावर त्याच्या मागोमाग जाते? आणि वळण लावत असेल, तर ते कशावरून ओळखायचे? ‘लोकशाहीचा चौथा स्तंभ’ यापलीकडचे काही, शक्यतो आपल्या जिल्ह्यातील अनुभवाच्या किंवा इतिहासाच्या आधारे कोणी सांगू शकेल का?

---

उत्तर: डेस्कवरचा माणूस

मी कोल्हापुरात अनेक वर्षे उपसंपादक म्हणून काम केले आहे. आता निवृत्त आहे. आपला प्रश्न योग्य आहे, पण आपण दिलेली तिन्ही उदाहरणे मोठ्या आंदोलनांची आहेत आणि वृत्तपत्राचा प्रभाव नेमका तेथे सर्वांत कमी असतो, असे माझे मत आहे. सारे शहर ज्या विषयावर बोलत असते, त्यावर अग्रलेख आला काय आणि न आला काय, फारसा फरक पडत नाही. प्रभाव पाहायचा असेल तर ज्या विषयावर कोणीही बोलत नाही, तेथे पाहावा.

अंक तयार कसा होतो ते थोडे सांगतो. तालुक्यांतून वार्ताहरांच्या बातम्या दुपारपासून येऊ लागतात. त्यांत प्रेसनोटा असतात, सत्कार आणि निवडी असतात, अपघात असतात, आणि मधूनच एखादी चार ओळींची बातमी असते की अमुक गावच्या पाणीयोजनेचे बिल निघाले, परंतु टाकी अजून उभी राहिलेली नाही. रात्री पानावर जागा कमी पडते तेव्हा काहीतरी काढावेच लागते. सत्काराची बातमी काढली तर दुसऱ्या दिवशी फोन येतो. टाकीची बातमी काढली तर कोणाचाच येत नाही. वृत्तपत्राची खरी सत्ता या काढण्या-ठेवण्यात आहे आणि ती बाहेर कोणाला दिसत नाही, अनेकदा संपादकालाही दिसत नाही.

ती बातमी लागली, तर पुढे काय होते? आपण समजता तसे हजारो वाचक खवळून उठत नाहीत. परंतु जिल्हा माहिती कार्यालयात रोज सकाळी वृत्तपत्रांतील कात्रणे काढली जातात आणि ती वरिष्ठ अधिकाऱ्यांपुढे जातात. त्यांतील एखाद्या कात्रणावर ‘अहवाल सादर करावा’ असा शेरा पडला, की खालच्या कार्यालयात फाइल हलू लागते. म्हणजे अंक कितीही खपत असला, तरी अशी बातमी ज्यांनी वाचायला हवी ती माणसे पाच-सहाच असतात, आणि त्यांनी ती वाचली आहे हे गावाला ठाऊक असणे, यातच तिचे वजन असते. समाजमाध्यमावरील तक्रार शेकडो लोकांनी पुढे पाठवली तरी तिला हे स्थान सहसा मिळत नाही; कारण तिच्याखाली जबाबदार संपादकाचे नाव नसते आणि उद्या ती पुसूनही टाकता येते.

अर्थात एका बातमीने काहीही होत नाही. पाठपुरावा लागतो, आणि तेथेच आम्ही कमी पडलो असे मला वाटते. पंचगंगेचेच पाहा. उन्हाळ्यात पाणी कमी झाले की तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच दिसतो, छायाचित्र छापून येते, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी नमुने घेतात, नोटिसा निघतात. मग पाऊस पडतो, नदी भरून वाहू लागते, आणि त्या नमुन्यांचा अहवाल काय आला, नोटिशीला उत्तर काय मिळाले, सांडपाणी प्रक्रिया केंद्र पूर्ण क्षमतेने चालले का, हे विचारायला कोणी जात नाही. कारण तोवर पानावर पुराची पातळी आलेली असते. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ येऊन माणसे दगावली, तेव्हा नदीचा विषय महिनोन्महिने पहिल्या पानावर राहिला. पण त्यासाठी माणसे दगावावी लागली, हे विसरता येत नाही.

---

उत्तर: जुनी कागदपत्रे

इतिहासाचा मुद्दा आपण विचारलाच आहे, म्हणून सांगतो. वृत्तपत्रांचा प्रभाव काय असतो आणि तो किती गुंतागुंतीचा असतो, हे समजून घेण्यासाठी कोल्हापूरकराला दूर जाण्याची गरज नाही. मराठी वृत्तपत्रसृष्टीतील पहिला गाजलेला अब्रुनुकसानीचा खटला आपल्याच संस्थानावरून झाला.

चौथे शिवाजी महाराज दत्तक आले तेव्हा लहान होते. पुढे त्यांना वेड लागल्याचे ठरवून कारभार दिवाण माधवराव बर्वे यांच्या हाती ठेवण्यात आला. महाराजांचा छळ होत असल्याच्या वार्ता पुण्यापर्यंत गेल्या. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही दोन वृत्तपत्रे तेव्हा नुकतीच, १८८१ च्या जानेवारीत, सुरू झाली होती; पहिल्याचे संपादक आगरकर, दुसऱ्याचे टिळक. बर्वे यांनी लिहिल्याचे सांगितले गेलेली काही खासगी पत्रे पुढे आली आणि त्यांच्या आधारे या दोन्ही वृत्तपत्रांनी दिवाणांवर कडक टीका केली. बर्वे यांनी खटला भरला. ती पत्रे बनावट असल्याचे न्यायालयात दिसून आले, संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, तरीही जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात ते १०१ दिवस होते आणि ऑक्टोबरच्या अखेरीस सुटले. त्यांच्या जामिनाच्या व्यवस्थेसाठी जोतीराव फुले यांनी खटपट केली होती. विचारांचे अंतर एवढे मोठे असतानाही हे घडले, याची आज कोणाला आठवण करून द्यावी लागते हेच नवल.

आता यातील गुंता पाहा. वृत्तपत्रांचा पुरावा खोटा निघाला, पण त्यांनी व्यक्त केलेली काळजी खोटी नव्हती. शिवाजी महाराजांचा डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात, ज्या गोऱ्या शिपायाच्या ताब्यात ते होते त्याच्याशी झालेल्या झटापटीनंतर, मृत्यू झाला. लोकांच्या मनात राहिले ते संपादकांनी भोगलेले तुरुंगवासाचे दिवस. बनावट पत्रांची गोष्ट मागे पडली. त्या शिक्षेने ‘केसरी’ला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, ती कोणत्याही अग्रलेखाने मिळाली नसती. वाचक वृत्तपत्रावर विश्वास ठेवतो तो केवळ अचूकतेमुळे नव्हे, तर ते कोणासाठी झीज सोसते हे पाहून. ही गोष्ट वृत्तपत्राच्या बळाची आहे आणि धोक्याचीही, कारण झीज सोसणारा माणूसही चुकीच्या कागदावर विसंबू शकतो.

दुसरी गोष्ट त्यानंतरच्या पिढीची. वेदोक्त प्रकरणात, म्हणजे राजघराण्याचे विधी वेदमंत्रांनी व्हावेत की नाही या वादात, हेच ‘केसरी’ राजर्षी शाहू महाराजांच्या विरोधी बाजूला उभे राहिले. छापील शब्दाला उत्तर छापील शब्दानेच द्यावे लागते, हे महाराजांनी ओळखले आणि ब्राह्मणेतर चळवळीतील पत्रांना त्यांनी मदत केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले, त्यासाठी महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २१ आणि २२ मार्चला, आपल्या जिल्ह्यातील माणगावची बहिष्कृत वर्गाची परिषद झाली. पत्र आधी आणि परिषद नंतर, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. ज्या समाजाला प्रस्थापित पत्रांत जागा नव्हती, त्याने आपली जागा आधी कागदावर निर्माण केली. आपण विचारता की वृत्तपत्र वळण लावते की मागोमाग जाते. ‘मूकनायक’च्या बाबतीत हा प्रश्नच लागू पडत नाही, कारण तेथे पत्र आणि चळवळ एकाच हातांनी उभी राहत होती.

---

उत्तर: शिरोळचा ऊसकरी

वरील दोन्ही उत्तरे आवडली, पण पैशाचा विषय अजून कोणी काढलेला नाही. मी काढतो.

आमच्या तालुक्यात साखर कारखाना, दूध संघ, बँका, पतसंस्था, शिक्षणसंस्था यांच्याभोवती सारे जीवन फिरते. बातमी करण्यासारखे जे काही घडते ते यांच्यातच घडते आणि वृत्तपत्रांना स्थानिक जाहिराती मिळतात त्याही यांच्याकडूनच. वार्षिक सभेची नोटीस, गळीत हंगामाचा शुभारंभ, अध्यक्षांचा वाढदिवस, निवडणुकीतील आवाहन, हे सारे पानभर छापले जाते. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन नाममात्र असते आणि जाहिरातीवरील कमिशनवर त्याचे घर चालते, ही गोष्ट आमच्या गावात सर्वांना ठाऊक आहे. ज्याच्याकडून जून महिन्यात पुरवणीची जाहिरात आणायची, त्याच्याविरुद्ध मे महिन्यात तो काय लिहिणार? मी त्या मुलाला दोष देत नाही. त्याला एकाच तोंडाने मागायला आणि विचारायला लावणाऱ्या व्यवस्थेला देतो.

उदाहरण घ्या. ऊस तुटून गेल्यावर १४ दिवसांच्या आत एफआरपीची, म्हणजे सरकारने ठरवलेल्या रास्त व किफायतशीर दराची, रक्कम दिली पाहिजे आणि उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के दराने व्याज दिले पाहिजे, असे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. कोणत्या कारखान्याने किती रक्कम थकवली आहे याची माहिती पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडे असते. ही माहिती मिळवून, हंगामात दर पंधरवड्याला जिल्ह्यातील सर्व कारखान्यांची नावे एका कोष्टकात देणे, याला शोधपत्रकारिता लागत नाही, धाडसही फारसे लागत नाही. तरी ते नियमाने होत नाही. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेच्या दिवशी मात्र पानेच्या पाने भरतात. गर्दी, घोषणा आणि नेत्याचे भाषण ही बातमी होते. थकबाकीचा आकडा आणि व्याज दिले की नाही, हा तपशील होत नाही. अधिकारी कात्रणे वाचतात हे खरे असेल, पण जे कात्रण छापलेच जात नाही ते ते कोठून वाचणार?

निवडणुकीच्या काळातील पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांविषयीही बोलायला हवे. २००९ च्या निवडणुकांनंतर हा प्रकार देशभर गाजला आणि त्यात महाराष्ट्राचे नाव पुढे होते. वृत्तपत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलने दोन सदस्यांची उपसमिती नेमली, तिने नावानिशी अहवाल दिला, आणि कौन्सिलने २०१० मध्ये तो संपूर्ण अहवाल बाजूला ठेवून संक्षिप्त अहवाल स्वीकारला. केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर पूर्ण अहवाल लोकांना पाहायला मिळाला. दुसऱ्यांचे झाकलेले उघड करणे हे ज्यांचे काम, त्यांच्याच बाबतीत माहिती आयोगाला आदेश द्यावा लागला.

तरीही अंक घेणे मी थांबवलेले नाही. २०१९ च्या महापुरात आमच्या भागात आठवडाभर वेढा पडला होता, तेव्हा मोबाइलवर जुन्या वर्षांचे व्हिडिओ ‘आत्ताचे’ म्हणून फिरत होते. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३ फूट. पाणी किती चढले, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, अलमट्टी धरणातून किती विसर्ग सुरू आहे, या आकड्यांवर जनावरे हलवायची की नाही हे ठरते. जेथे अंक पोहोचू शकला तेथे लोकांनी त्यातील आकडा प्रमाण मानला.

---

उत्तर: पोर्टलवाला

मी एका लहान वृत्तसंकेतस्थळासाठी काम करतो, म्हणून मोबाइलची बाजू मांडतो. आमच्यावर अफवांचा आरोप सरसकट केला जातो, तो मला मान्य नाही. शहरातील खड्डे, रुग्णालयातील औषधांचा तुटवडा, शाळेची गळकी छते यांची चित्रे आधी लोकांच्या मोबाइलवरून येतात आणि नंतर छापली जातात. जो विषय जाहिरातीमुळे छापील अंकात अडकतो, तो आमच्याकडे सुटतो.

परंतु जून २०२३ चे ते दिवस मी विसरत नाही. काही समाजमाध्यम स्टेटसवरून शहरात तणाव निर्माण झाला, बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला आणि इंटरनेट सेवा बंद करण्यात आली. त्या काळात आमचे काम पूर्ण थांबले आणि छापील अंक मात्र घरोघरी पोहोचले. आम्ही आधी वेगाने पुढे असतो आणि सर्वाधिक गरज असते तेव्हा नाहीसे होतो, ही आमची मर्यादा मी नाकारत नाही. पण छापील पत्रांनीही त्या वेळी कोणती छायाचित्रे किती मोठी छापली, हे चर्चेत तपासावे असे मला वाटते.

---

करवीरवाचक

सर्वांचे आभार. शिरोळच्या दादांना एक शंका विचारतो. ज्याच्याकडून पैसे येतात त्याच्याविरुद्ध लिहिता येत नाही, हा नियम मानला, तर ‘मूकनायक’लाही एका संस्थानिकाने पैसे दिले होते. मग त्या पत्राच्या स्वातंत्र्याविषयी आपण काय म्हणणार? की देणारा चांगला असला म्हणजे प्रश्न विचारायचा नाही?

---

शिरोळचा ऊसकरी

प्रश्न विचारायलाच हवा. माझ्या मते फरक देणाऱ्याच्या चांगुलपणात नाही. ती मदत पत्र उभे करण्यासाठी होती, आणि पत्र ज्यांच्याविषयी लिहिणार होते ते देणाऱ्याचे प्रतिस्पर्धी किंवा ग्राहक नव्हते. शिवाय मदत उघड होती. आजच्या जाहिरातीत देणारा आणि ज्याच्याविषयी लिहायचे तो एकच असतो, व्यवहार दरवर्षी नव्याने करावा लागतो आणि वाचकाला त्यातले काही सांगितले जात नाही. तरीही आपला आक्षेप मी पूर्णपणे खोडू शकत नाही. ‘मूकनायक’ १९२३ मध्ये बंद पडले, हेही लक्षात घ्यावे लागेल. पत्र वाचकांच्या वर्गणीवर चालावे हा आदर्श झाला, पण ज्यांच्याकडे वर्गणी द्यायला पैसे नसतात त्यांचे पत्र चालवायचे कोणी?

---

उत्तर: वकिलीण, सर्किट बेंचजवळ

दोन कायदेशीर गोष्टी स्पष्ट करते, कारण चर्चेत त्या हमखास चुकीच्या सांगितल्या जातात.

पहिली: आपल्या संविधानात वृत्तपत्रस्वातंत्र्याचे वेगळे कलम नाही. कलम १९(१)(क) मध्ये प्रत्येक नागरिकाला भाषण आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य आहे, त्यातच ते येते. वृत्तपत्राला नागरिकाहून वेगळे असे खास हक्क नाहीत, म्हणून स्वतंत्र उल्लेखाची गरज नाही, अशी भूमिका डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत घेतली होती. याचा अर्थ असा की, आपल्या गावच्या वार्ताहराला ग्रामपंचायतीकडे जी माहिती मागता येते, ती आपल्यालाही मागता येते; माहिती अधिकाराच्या कायद्याने २००५ पासून तर तसा स्पष्ट मार्ग आहे. थकबाकीचे कोष्टक वृत्तपत्र छापत नसेल तर वाचनकट्ट्याने ती माहिती मागवावी आणि वृत्तपत्राला द्यावी. आयती आणि सही-शिक्क्याची माहिती नाकारणे संपादकाला अवघड जाते.

दुसरी: बदनामीच्या कायद्याची भीती. १८८२ च्या खटल्याचा उल्लेख वर आला आहे. फौजदारी बदनामीची तरतूद आजही आहे. आधी ती भारतीय दंड संहितेत होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, आणि तीत दोन वर्षांपर्यंत साधा कारावास होऊ शकतो. ही तरतूद घटनाबाह्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ठरवले. लक्षात ठेवण्याची बाब अशी की, फौजदारी खटल्यात केवळ ‘छापले ते खरे होते’ एवढ्यावर सुटका होत नाही. ते प्रसिद्ध करणे लोकहिताचे होते हेही दाखवावे लागते. लहान पत्राच्या संपादकाला शिक्षेची नव्हे, तर तारखांची भीती असते. दर तारखेला दुसऱ्या जिल्ह्यात जायचे, वकिलाची फी द्यायची, आणि तोवर अंकही काढायचा. अनेक बातम्या न्यायालयात हरत नाहीत, त्या नोटीस आल्याच्या दिवशीच मरतात. सर्किट बेंच येथे आल्याने निदान उच्च न्यायालयातील कामासाठी मुंबईला जाण्याचा खर्च वाचला आहे. या फायद्याचा कोल्हापूरच्या वृत्तपत्रांनी स्वतःसाठी अजून विचार केलेला दिसत नाही.

जाता जाता, नांदणी मठाच्या हत्तिणीला गुजरातमधील ‘वनतारा’ केंद्रात हलवण्याच्या प्रकरणाचे वार्तांकन आपण चर्चेला घ्यावे, असे सुचवते. भावना उत्कट होत्या आणि त्यांची बातमी व्हायलाच हवी होती. परंतु उच्च न्यायालयाने कोणत्या कारणांनी तिला हलवण्याचा मार्ग मोकळा केला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय का कायम ठेवला, हे किती वाचकांना त्या आठवड्यात सविस्तर वाचायला मिळाले? निर्णय पटणे वेगळे आणि कळणे वेगळे. लाट असताना निकालपत्र समजावून सांगणे हे वृत्तपत्राचे काम होते आणि मूळ प्रश्नकर्त्यांनी टोलच्या संदर्भात ज्या धाडसाविषयी विचारले आहे, त्याची परीक्षा येथे होती.

---

करवीरवाचक

ताई, एखाद्या छापील बातमीविषयी तक्रार असेल तर सामान्य वाचकाने नेमके काय करावे? बैठकीत हा प्रश्न येणारच.

---

वकिलीण, सर्किट बेंचजवळ

प्रथम संपादकाला लेखी कळवावे आणि खुलासा छापण्याची मागणी करावी; त्या पत्राची प्रत आणि पोच जपून ठेवावी. समाधान झाले नाही तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. दैनिक किंवा साप्ताहिकाच्या बाबतीत मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत आणि इतर नियतकालिकांच्या बाबतीत चार महिन्यांच्या आत ती जायला हवी. कौन्सिल ताकीद देऊ शकते, निषेध नोंदवू शकते. दंड किंवा शिक्षा करू शकत नाही. त्यामुळे तिला दात नाहीत असे म्हटले जाते आणि ते बरोबरही आहे, पण आपल्या तक्रारीवर संपादकाला लेखी उत्तर द्यावे लागते, एवढ्यानेही पुष्कळ प्रकरणे मिटतात. दूरचित्रवाणी आणि संकेतस्थळे कौन्सिलच्या कक्षेत येत नाहीत. संकेतस्थळांसाठी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत तक्रारींची रचना केली गेली, परंतु त्यांतील आचारसंहितेच्या पालनाशी संबंधित महत्त्वाच्या तरतुदींना त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. त्यामुळे पोर्टलवाल्यांच्या बाबतीत आजही मुख्य आधार साध्या कायद्याचा आणि त्यांच्या स्वतःच्या सद्बुद्धीचा आहे.

---

करवीरवाचक

बैठकीत बोलून असे ठरवले आहे की, भाषणांऐवजी एकच विषय घ्यायचा, पंचगंगेचे प्रदूषण, आणि मागील काही उन्हाळ्यांतील अंक ग्रंथालयातील फायलींतून काढून पाहायचे. नोटीस निघाल्याची बातमी किती वेळा आली आणि त्या नोटिशीचे पुढे काय झाले याची बातमी किती वेळा आली, हे समोरासमोर मांडायचे. शिरोळच्या दादांनी एफआरपीसाठी तसेच करावे अशी विनंती आहे. कोठे काही चुकत असेल तर आधीच सांगावे.

---

डेस्कवरचा माणूस

एक सावधगिरी बाळगा. शहरातील ग्रंथालयात जी फाइल असते ती बहुधा शहर आवृत्तीची असते. शिरोळ, हातकणंगले, गडहिंग्लज, चंदगड येथे जाणाऱ्या अंकांची आतील पाने वेगळी असतात. तेरवाडच्या माशांची बातमी शिरोळच्या पानावर अर्धे पान लागलेली असेल आणि त्याच दिवशी कोल्हापूर शहराच्या अंकात तिच्या दोन ओळीही नसतील, असे मी स्वतःच्या हाताने अनेकदा केले आहे. पाणी ज्यांच्याकडून घाण होऊन पुढे जाते त्यांना ती बातमी दिसत नाही आणि ज्यांच्याकडे ते येऊन पोहोचते त्यांना ती वाचण्याची गरज नसते. त्यांना वासावरूनच कळते. त्यामुळे फक्त शहराची फाइल पाहून ‘वृत्तपत्राने लिहिलेच नाही’ असा निष्कर्ष काढू नका. तालुक्याच्या एखाद्या जुन्या विक्रेत्याकडे किंवा वाचनालयात तेथील अंक मिळतात का ते पाहा आणि दोन्ही फायली शेजारी ठेवूनच मोजणी करा.